बेरी निवडणे, धुणे आणि साठवणे

मुंबईत ताज्या बेरी म्हणजे मुख्यतः हिवाळ्यातली स्ट्रॉबेरी, तीही बहुतेक महाबळेश्वर-पाचगणीची (महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला), शिवाय थोडी रासबेरी, तुती, आणि इम्पोर्टेड ब्लूबेरी. या सगळ्यांचा शत्रू एकच, ओलावा, आणि आपल्याकडे तर हवाच दमट, त्यामुळे क्रॉफर्ड मार्केटमधून आणलेला बॉक्स ओट्यावर तसाच राहिला तर दुसऱ्या दिवशी त्यातली फळं लिबलिबीत होतात.

घेताना बॉक्स उलटा करून खालून बघायचा. वर मोठी लालबुंद फळं रचलेली असतात, खरी परिस्थिती तळाला कळते, तिथे रस सुटला असेल तर परत ठेवून द्यायचा. देठाची पानं हिरवी हवीत, वास गोड हवा, साइजला महत्त्व नाही. स्ट्रॉबेरी तोडल्यावर लाल होते पण गोड होत नाही, म्हणून देठाशी पांढरी असलेली घरी पिकेल म्हणून घेण्यात अर्थ नाही.

घरी आणल्यावर पहिलं काम धुणं नाही, निवडणं. राखाडी बुरशी (बोट्रायटिस) लागलेलं एक फळ शेजारच्यांना लगेच लागण करतं, आणि ही बुरशी फ्रिजच्या थंडीतही वाढते, म्हणून दबलेली, फुटलेली आधीच बाजूला काढायची. उरलेली कोरड्या डब्यात, खाली टिश्यू घालून, शक्यतो एकाच थरात, झाकण जरा सैल ठेवून फ्रिजमध्ये. स्ट्रॉबेरी दोन-तीन दिवस टिकते, ब्लूबेरी आठवडाभर आरामात, तुती मात्र लगेच संपवलेली बरी.

धुवायचं खाण्याच्या आधी, देठासकट, कारण देठ काढला की तिथून पाणी आत शिरतं आणि चव जाते. आधीच धुवून ठेवायचीच असतील तर एक वाटी व्हिनेगर आणि तीन वाट्या पाणी, त्यात दोनेक मिनिटं, मग साध्या पाण्याने धुवून पंख्याखाली पूर्ण कोरडी करायची, हे कोरडं करणं टाळलं तर व्हिनेगरचा काही उपयोग नाही. रासबेरी आतून पोकळ असते, नळाच्या धारेखाली चुरगळते, ती चाळणीत घेऊन पाण्यात हलकेच बुडवायची. ब्लूबेरीवरचा पांढरट थर म्हणजे फळाचं स्वतःचं मेण, ते आधीपासून चोळून काढू नये.

बेरी जास्त झाली तर देठ काढून, कोरडी करून, ताटात सुटी सुटी पसरून फ्रीझरमध्ये ठेवायची आणि कडक झाल्यावर पिशवीत भरायची, म्हणजे गोळा होत नाही. नंतर मऊ पडते, पण मिल्कशेक आणि जॅमला उत्तम.