पुस्तक कुठलं आणि जाहिरात कुठली?

एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर पुरुषांच्या लैंगिक आरोग्याची पुस्तकं बहुधा मागच्या रांगेत असतात, आणि घेणारा ती उभ्याउभ्या चाळत नाही. पैसे देतो, पिशवीत कोंबतो, गाडीत चढतो. या घाईतच फसगत होते. त्या रांगेत दोन वेगळ्या प्रकारचा माल शेजारीशेजारी मांडलेला असतो. मुखपृष्ठावर दोन्हीकडे तेच जोडपं, तोच सूर्यास्त, तेच ‘सुखी वैवाहिक जीवन’. पण एक पुस्तक असतं आणि दुसरी पुस्तकासारखी बांधलेली जाहिरात. मोबाइलवर फुकट फिरणाऱ्या पीडीएफचीही हीच कथा.

जाहिरातीची पुस्तिका उपचारापासून सुरू होत नाही, ती आधी वाचणाऱ्याला रोगी करते. कंबर दुखते का? डोळे खोल गेलेत का? अभ्यासात मन लागत नाही? विसरायला होतं? ही यादी राशिभविष्यासारखी असते, कुणालाही लागू पडते. मग ‘लहानपणीच्या चुका’, स्वप्नदोष, आणि रक्ताच्या चाळीस थेंबांपासून वीर्याचा एक थेंब बनतो हे ठरलेलं वाक्य. वाचणारा एव्हाना घाबरलेला असतो. शेवटच्या पानावर पत्ता, फोन नंबर आणि ‘पूर्ण कोर्स’.

याच प्रश्नावर खरं पुस्तक काय सांगतं? वीर्य रक्त आटवून बनत नाही. एका वेळी साधारण दीड ते पाच मिलिलिटर बाहेर येतं, त्यातला बहुतांश भाग शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींचा स्राव असतो, आणि शुक्राणूंचा वाटा पाचेक टक्क्यांच्या आतच. झोपेत किंवा हस्तमैथुनाने ते गेलं तर शरीर नवं बनवतं. शौचाला जोर केल्यावर दिसणारा चिकट थेंब बहुधा या ग्रंथींचाच असतो. मात्र पू येत असेल किंवा लघवीला जळजळ होत असेल तर तो संसर्ग असू शकतो, आणि तिथे पुस्तक मिटून डॉक्टर गाठायचा.

‘धातू जातो’, म्हणजे वीर्य वाया जातं, म्हणून थकलेली, धास्तावलेली माणसं मानसोपचारतज्ज्ञांना इतकी भेटत की डॉ. नरेंद्र नाथ विग यांनी १९६० मध्ये या अवस्थेला ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. म्हणजे थकवा खरा, झोप उडालेली खरी, कारण मात्र भलतंच. पुस्तिका नेमकी त्या भलत्या कारणाला खतपाणी घालते. लिंगाच्या आकाराचंही तसंच. २०१५ मध्ये लंडनच्या संशोधकांनी सुमारे पंधरा हजार पुरुषांच्या मापांचा एकत्र अभ्यास केला, तेव्हा ताठर अवस्थेतली सरासरी लांबी १३ सेंटिमीटरच्या आसपास निघाली. पुस्तिकांत असा आकडा छापत नाहीत. छापला तर तेलाची बाटली कोण घेणार?

दोन्हींतला खरा फरक ताठरतेच्या प्रकरणात उघडा पडतो. पुस्तिका म्हणते, ताकद कमी झाली, गोळी घ्या. चांगलं पुस्तक आधी उलटे प्रश्न विचारतं. पहाटे आपोआप ताठरता येते का? येत असेल तर शरीराची यंत्रणा बहुधा ठीक आहे, अडचण ताणाची किंवा धास्तीची असू शकते. शुगर कधी तपासलीत? बीपी? तंबाखू, सिगारेट? कारण लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात आणि अडथळा आधी तिथे जाणवू शकतो. चाळिशीतल्या माणसाची ही तक्रार पुढच्या हृदयविकाराची आगाऊ सूचना असू शकते. ती गोळीखाली झाकणं महागात पडतं. शिवाय ‘शंभर टक्के नैसर्गिक’ म्हणून विकलेल्या कितीतरी गोळ्यांत चोरून घातलेलं सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, सापडल्याचे इशारे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वारंवार दिले आहेत. छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्या माणसाने नकळत हे घेतलं, तर रक्तदाब एकदम कोसळून जिवावर बेतू शकतं.

मग काही विकणारं प्रत्येक पुस्तक खोटं समजायचं का? तसं नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, १९२७ पासून मृत्यूपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, आणि संततिनियमनाची साधनं ते स्वतः विकतही. पण गिऱ्हाईक मिळावं म्हणून त्यांनी कुणाला रोगी ठरवलं नाही. वाचकांच्या खासगी प्रश्नांना दिलेल्या उत्तरांपायी १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. वकील डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते, तरी कर्व्यांना दंड भरावा लागला. ‘मर्दानी ताकद’ विकणाऱ्यांच्या मात्र भिंतीच्या भिंती रंगलेल्या असतात!

कायद्याने हा फरक केव्हाच ओळखला आहे. लैंगिक सुखाची क्षमता वाढवण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या औषध व जादूटोण्याचे उपाय यांविषयीच्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, आणि पत्रक, लेबल किंवा असा कुठलाही छापील कागद त्यात जाहिरातच धरला जातो. मात्र शास्त्रीय किंवा सामाजिक दृष्टीने प्रामाणिकपणे लिहिलेल्या पुस्तकाला तोच कायदा सूट देतो. पुस्तिका पुस्तकाचा वेष घेते तो उगाच नाही.

चांगल्या पुस्तकाचीही एक हद्द आहे. शीघ्रपतनासाठी थांबून-थांबून करायचा सराव १९५६ मध्ये जेम्स सेमन्स या डॉक्टरने मांडला. तो पुस्तक वाचून समजतो, करताही येतो. पण १९७८ च्या एका छोट्या अमेरिकी प्रयोगात २० जोडप्यांचे तीन गट केले, तेव्हा सर्वस्वी आपलं आपण उपचार करणाऱ्या सहापैकी एकाही जोडप्याने तो यशस्वीपणे पुरा केला नाही. अधूनमधून थोडीशी विचारपूस झालेल्या गटाला मात्र चांगला गुण आला. तेव्हा सराव वाचून सुरू करावा, पण मानसोपचारतज्ज्ञ किंवा मूत्ररोगतज्ज्ञ असं कुणीतरी विचारायला असावं. ताठरतेची तक्रार असेल तर आधी नेहमीच्या फिजिशियनकडे शुगर-बीपी तपासून घ्यावं. फोड, पू, जळजळ असेल तर जिल्हा रुग्णालयातलं लैंगिक संसर्गांसाठीचं ‘सुरक्षा क्लिनिक’ गाठावं. तिथे तपासणी आणि औषधं मोफत असतात.