युंग आणि ज्यू

त्वचेवर किंवा त्वचेखालच्या मांसात उठणारी सूज, गळू, करट, काळपुळी आणि चिघळलेले व्रण यांसाठी चिनी वैद्यकात वापरली जाणारी जोडसंज्ञा. त्यांवरील लेप, काढे, सुया, शेक आणि शस्त्रकर्म ‘वायख’ म्हणजे बाह्यचिकित्सा या शाखेत मोडतात. ही शाखा फार जुनी आहे. ‘चौ ली’ या प्राचीन ग्रंथात राजदरबारच्या वैद्यांचे जे चार वर्ग दिले आहेत, त्यांत व्रणवैद्याचा वर्ग वेगळा आहे. हूनान प्रांतातील मावांगत्वी येथे इ. स. पू. १६८ मध्ये बंद झालेले थडगे १९७३ मध्ये उघडले, तेव्हा सापडलेल्या रेशमी हस्तलिखितांतही युंग आणि ज्यू यांवरील उपचार आढळले.

‘लिंगशू’ या प्राचीन चिनी वैद्यकग्रंथाचा ८१ वा अध्याय याच विषयावर आहे. तेथील विवेचनानुसार शरीरमार्गांत थंडी शिरली की रक्त गोठून अडते, अडल्या जागी उष्णता साचते, आणि तिच्याने मांस कुजून पू होतो. युंग उथळ, लाल, गरम आणि ठणकणारे असते. ज्यू खोलवर असते, वरची कातडी निस्तेज व निबर दिसते. वांग वेइद या वैद्याने १७४० मध्ये हा भेद कडक केला : युंग ‘यांग’ म्हणजे उष्ण प्रकृतीचे, म्हणून त्याला थंड औषधे; ज्यू ‘यिन’ म्हणजे थंड प्रकृतीचे, म्हणून त्याला दालचिनी, सुंठ, पांढरी मोहरी अशी उष्ण द्रव्ये. आजच्या निदानाशी या संज्ञा शब्दाला शब्द जुळत नाहीत. बहुतेक गळवे स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जीवाणूमुळे होतात, तर ‘यिन’ गटातील काही वर्णने हाडांच्या व गाठींच्या क्षयरोगाशी मिळतीजुळती आहेत.

उपचाराचे सूत्र तीन टप्प्यांचे आहे : सूज कच्ची असताना ती जिरवणे, पिकू लागल्यावर पू वर आणणे, आणि फुटल्यानंतर अशक्त रोग्याला बळ देणे. या परंपरेचे खरे कौशल्य टप्पा ओळखण्यात आहे. वैद्य सुजेवर बोट दाबून पाहतो. ती दगडासारखी घट्ट लागली तर पू झालेला नाही, आणि दाबलेला भाग मऊ लागून बोटाखाली लगेच उसळला तर आत पू आहे. छन शिगोंग या वैद्याने १६१७ च्या आपल्या ग्रंथात वेळेवर चीर देऊन पू काढण्याचा आग्रह धरला. खोल नाडीव्रणात, म्हणजे नळीसारख्या आत गेलेल्या जखमेत, औषध लावलेली कागदाची वात सरकवून पू वाहता ठेवण्याची रीतही रूढ आहे.

कच्च्या गळवावर लसणावरून शेक देतात. लसणाची पातळ चकती सुईने टोचून सुजेच्या मध्यावर ठेवतात आणि तिच्यावर मॉक्साचा, म्हणजे दवण्याच्या वंशातील एका वनस्पतीच्या कुटलेल्या पानांचा, छोटा शंकू पेटवतात. दुखत असेल तर दुखणे थांबेपर्यंत आणि दुखत नसेल तर दुखू लागेपर्यंत शेकावे, असा जुना नियम आहे. ॲक्युपंक्चरमध्ये पाठीच्या कण्यावरील, कोपराजवळील आणि गुडघ्यामागील बिंदू निवडतात. गुडघ्यामागील शिरेतून थोडे रक्तही काढतात. पोटात घेण्यासाठी हनिसकलची फुले, रानशेवंती, डँडेलियन अशा पाच वनस्पतींचा काढा १७४२ च्या बादशाही वैद्यकसंग्रहात दिला आहे. बाहेरून लावायच्या प्रसिद्ध पिवळ्या चूर्णात रेवाचिनी आणि हळद आहे. गळवाला हळदीचे पोटीस बांधणाऱ्या मराठी घरांना ही जोडी परकी वाटणार नाही. या चूर्णातल्या एका सालीचा पिवळा रंग बर्बेरिनचा असतो, जे आपल्या दारुहळदीतही असते.

बर्बेरिन प्रयोगशाळेत जीवाणूंची वाढ रोखते, परंतु तेवढ्यावरून रोग्याच्या अंगातला संसर्ग बरा होईल असे म्हणता येत नाही. पू भरलेल्या गळवाला आजही मुख्य उपचार चीर देऊन निचरा करणे हाच आहे. सुजलेल्या जागेतच सुई टोचल्यास संसर्ग आत ढकलला जाऊ शकतो, आणि निर्जंतुक नसलेल्या सुयांनी नवे संसर्ग झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. कुजलेले मांस काढण्याच्या जुन्या तांबड्या चूर्णात पाऱ्याचे ऑक्साइड असते. ते जखमेतून रक्तात उतरून विषबाधा करू शकते. लंडनमध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत ११ ‘चिनी वनौषधी’ मलमांपैकी ८ मलमांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड निघाले. असे मलम संसर्गावर चोळले, तर लाली आणि सूज उतरल्यासारखी दिसते, पण आतला संसर्ग पसरत राहतो.

चेहऱ्यावरील ‘दिंग’ म्हणजे खोल, घट्ट मुळाचे करट, विशेषतः नाक आणि ओठांभोवतीचे करट, पिळू नये अशी सक्त ताकीद चिनी वैद्यांनी शतकानुशतके दिली आहे. करटातले विष पसरून ताप, भ्रम आणि मृत्यू येण्याच्या अवस्थेला हे वैद्य ‘त्सौह्वांग’ म्हणत. ही लक्षणे रक्तातील जंतुदोषाची आहेत. अशा करटासोबत थंडी वाजून ताप आला, डोळ्याभोवती सूज चढली, हाता-पायावरील जखमेपासून लाल रेघ वर सरकू लागली किंवा रोगी मधुमेही असला, तर लेप, सुया बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.