रनिए, आंरिएत

(१८ सप्टेंबर १८७५ – १ मार्च १९५६). फ्रेंच हार्पवादक, संगीतरचनाकार आणि हार्पशिक्षिका. जन्म आणि मृत्यू पॅरिस येथे. हार्प हे वाद्य दिवाणखान्यातून मैफलीच्या रंगमंचावर आणण्याचे श्रेय ज्या मोजक्या लोकांना जाते, त्यांत रनिए यांचे नाव बरेच वर घ्यावे लागते.

त्यांचे वाद्य आधी समजून घेतले पाहिजे. मराठी वाचकाला हार्प म्हटले की स्वरमंडळ आठवते. पण स्वरमंडळ रागाप्रमाणे आधी जुळवून घेतात आणि मग ते तसेच छेडत राहतात. मैफलीच्या हार्पला ४७ तारा असतात आणि तळाशी सात पेडल. प्रत्येक पेडल एकेका स्वराचे, म्हणजे ते दाबले की सर्व सप्तकांतला तो स्वर एकदम बदलतो. पेडल वर असताना कोमल, मधल्या खाचेत शुद्ध आणि खाली दाबले की अर्ध्या स्वराने चढलेला. पॅरिसचे वाद्यनिर्माते सेबास्त्यँ एरार यांनी ही दुहेरी यंत्रणा १८१० मध्ये सिद्ध केली. त्यामुळे वादकाचे पाय हातांइतकेच गुंतलेले असतात. प्रेक्षकांना मात्र दिसतात ती फक्त बोटे.

हे पायच लहानग्या आंरिएतची अडचण होते. वडील चित्रकार आणि गायकही. त्यांच्या एका मैफलीच्या निमित्ताने पाच वर्षांच्या आंरिएतने आल्फाँस आसलमान्स यांचे हार्पवादन ऐकले आणि ‘हेच माझे गुरू’ असे जाहीर करून टाकले, असे सांगतात. आठव्या वर्षी शिकायला सुरुवात झाली, तेव्हा तिचे पाय पेडलपर्यंत पोचत नव्हते; वडिलांनी पेडलना जोड देऊन ती उंच करून घेतली. पॅरिस कॉन्झर्व्हेटरीत आसलमान्स यांच्याच वर्गात ती दाखल झाली आणि १८८७ मध्ये, अकराव्या वर्षी, तिला पहिले पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी तिच्याकडे शिष्य येऊ लागले, तेही तिच्याहून वयाने मोठे. पुढे त्याच संस्थेत तिने स्वरसंहती (हार्मनी) आणि रचनाशास्त्राचा अभ्यास केला. मुलींनी संगीत रचणे तेव्हा फारसे रूढ नव्हते.

त्यांचा सी मायनरमधील हार्प कन्चेर्तो (वाद्यवृंदासह एकल वाद्यासाठीची रचना) १९०१ मध्ये कामीय शव्हियार यांच्या संचालनाखाली पॅरिसच्या ‘लामुरो’ या वाद्यवृंद-मैफलींत सादर झाला. एकलवादक त्या स्वतःच होत्या. वाद्यवृंदासमोर एकटी हार्प टिकते, हे त्या संध्याकाळी पॅरिसने ऐकले. पण रचना म्हणून ‘लेजांद’ (आख्यायिका) अधिक मोलाची आहे. फ्रेंच कवी लकाँत द लील यांच्या एका कवितेवर ती बेतलेली आहे. रानातून रात्री घोडा दामटत वधूकडे निघालेल्या सरदाराला यक्षिणींची राणी अडवते, तो तिला झिडकारतो, ती त्याच्या छातीला नुसते बोट लावते. पुढे वाटेत त्याला भेटते ते वधूचे भूत. घोड्याची दौड, नाच, शेवटी उरलेली सामसूम, हे सगळे एकाच वाद्यावर उभे केले आहे.

१९१२ मध्ये आसलमान्स वारले. कॉन्झर्व्हेटरीतल्या त्यांच्या जागेवर रनिए यांचा हक्क मोठा होता. पण नेमणूक झाली मार्सेल तुर्निए यांची. रनिए निष्ठावंत कॅथलिक होत्या आणि चर्च व शासन यांची फारकत करणाऱ्या १९०५ च्या कायद्यानंतरच्या फ्रान्समध्ये ते सरकारी नोकरीच्या आड आले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. तुर्निए हे उत्तम रचनाकार होते, हेही खरे. तरीही संस्थेबाहेरचे रनिए यांचे घर हीच पुढे हार्पची दुसरी शाळा ठरली. मार्सेल ग्रांझानी वयाच्या आठव्या वर्षी त्यांच्याकडे आले; पुढे न्यूयॉर्कच्या जुलियार्ड संस्थेत त्यांनी अनेक वर्षे हार्पविभाग चालवला. मिल्ड्रेड डिलिंग ही रनिए यांची अमेरिकन शिष्या. तिच्याकडे विनोदी नट हार्पो मार्क्स शिकला, म्हणजे चित्रपटात न बोलता हार्प वाजवणारा तो अवलिया एका अर्थी रनिए यांचा नातशिष्य. अमेरिकन हार्पवादक सुझान मॅकडॉनल्डही रनिए यांच्याच हाताखाली तयार झाल्या.

शिकवण्याची रीत त्यांनी दोन खंडांच्या ‘मेथोद काँप्लेत द आर्प’ या ग्रंथात मांडली. तो दुसऱ्या महायुद्धानंतर प्रसिद्ध झाला. करंगळी वगळून चारच बोटे वापरायची, तार छेडून झाली की बोट तळहाताकडे मिटायचे, मनगट कधीही ताठ ठेवायचे नाही. तार ओढणे सोपे, ती सोडणे अवघड, हे तिथल्या पानापानावर जाणवते. याखेरीज बाख, कूपरँ, लिस्ट यांच्या रचनांची त्यांनी केलेली हार्पसाठीची रूपांतरे आजही शिष्यांच्या हाती असतात.

फ्रान्सचा ‘लेजिओं दॉनर’ हा सन्मान त्यांना मिळाला तो १९५४ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी. पुढच्या वर्षी एका मैफलीत त्यांनी ‘लेजांद’ वाजवायचे ठरवले आणि ‘ही कदाचित शेवटचीच वेळ’ असे जमलेल्यांना सांगितले. काही महिन्यांतच त्यांचे निधन झाले.