भातशेतीतील कृषिविस्तार (कोकण)

संशोधन केंद्रांत पारखलेले पीक व जमीन यांविषयीचे ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत नेणे आणि त्यांच्या अडचणी संशोधकांपर्यंत पोहोचवणे, या दुहेरी कामास कृषिविस्तार म्हणतात. कोकणात हे काम मुख्यतः भाताभोवती आणि वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीवर नाचणी व वरी यांभोवती चालते. दापोलीचे कृषी विद्यापीठ (स्थापना १९७२), कर्जतचे भात संशोधन केंद्र, खार जमिनींसाठी पनवेलचे केंद्र, कृषी विज्ञान केंद्रे आणि राज्याचा कृषी विभाग हे त्यातील प्रमुख दुवे होत.

येथील जांभ्या जमिनी आम्लधर्मी असून त्यांतील लोह व ॲल्युमिनियम स्फुरदाला (फॉस्फरसला) जखडून ठेवतात. शिवाय फोकून दिलेला युरिया मुसळधार पावसात बांधावरून वाहून जातो, म्हणजे खताचे पैसे एकाचे आणि पीक तरारते खालच्या खाचरातले. कृषिशास्त्रज्ञ डॉ. ना. के. सावंत यांनी मांडलेली चारसूत्री भात लागवड याच अडचणींना धरून आहे. भाताच्या तुसाची राख रोपवाटिकेत व पेंढा शेतात मिसळणे, गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) हिरवा पाला चिखलात गाडणे, नियंत्रित लावणी आणि युरिया व डीएपी (नत्र-स्फुरदयुक्त खत) यांच्या गोळ्या ही ती चार सूत्रे. लावणी दोरीवर १५ व २५ सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतराने केली, की चार चुडांचा (एकत्र लावलेल्या रोपांच्या झुबक्यांचा) एक लहान चौकोन तयार होतो. त्याच्या मध्यावर सुमारे २.७ ग्रॅमची एक गोळी बोटाने ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचतात. हेक्टरी ६२,५०० गोळ्या, म्हणजे जवळपास १७० किलो खत लागते. खोल चिखलात हवा नसल्याने नत्र अमोनियम रूपात मातीला धरून राहते आणि एकाच जागी साठलेल्या स्फुरदाचा मातीशी संपर्क कमी येतो.

मुळाशी पोहोचणारे हे शास्त्र लावणीच्या दिवसांत मात्र मजुरीपाशी अडते. पाऊस धरून आहे तोवर आवण (भाताची रोपे) लावून मोकळे व्हायचे असताना दोरी धरणे व एकेक गोळी खोचणे हे लावणाऱ्या बायांना जादा कामच वाटते. म्हणून प्रात्यक्षिकाची जागा चालू खाचर हीच असते, कार्यालयातील व्याख्यानाला तिची सर येत नाही. राब भाजण्याऐवजी, म्हणजे रोपवाटिकेच्या जागेवर पालापाचोळा जाळण्याऐवजी, तुसाची राख वापरावी, ही शिफारसही अशीच सावकाश रुजते, कारण राबाने तण मरते हे शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहिलेले असते.

सुधारित वाणांचा प्रसार त्या मानाने सोपा, कारण बियाणे हातोहात फिरते. कर्जत आणि रत्नागिरी या नावांचे वाण असेच गावोगाव पसरले.

ज्ञानाचा प्रवास उलटाही होतो. नेरळचे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा भात तंत्रात कायमच्या गादीवाफ्यांवर थेट बी टोकतात. नांगरणी, चिखलणी व लावणी वगळली जाते आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच कुजू देतात, त्यामुळे सेंद्रिय कर्ब वाढण्यास मदत होते. चिखलणी नसल्याने तण मात्र जोर धरते आणि त्यासाठी तणनाशकाचा आधार घ्यावा लागतो.