गाठी रवाना, पैसे येणे: विदर्भातील जिनिंगवाल्यांच्या व्यापारी तंट्यांची पार्श्वभूमी

हिंगणघाट, वणी, पांढरकवडा, अकोट, खामगाव या पट्ट्यात दिवाळीच्या सुमारास कापसाची आवक सुरू झाली की जिनिंग-प्रेसिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्याच्या, मालकाचा पैसा रोज बाहेर जातो आणि बऱ्याच उशिराने परत येतो. शेतकऱ्याच्या कापसाची रक्कम वजन झाल्याच्या दिवशीच चुकती करावी, हा बाजार समितीच्या व्यवहाराचा दंडक आहे आणि तो योग्यच आहे. पण त्याच कापसाची रुई सूतगिरणीला उधारीवर जाते आणि सरकीही तेलगिरणीला उधारीवरच जाते. शंभर क्विंटल कापसातून साधारण चौतीस क्विंटल रुई निघते, म्हणजे १७० किलोच्या वीस गाठी होतात, हा हिशेब मालकाला तोंडपाठ असतो. त्या वीस गाठींचे पैसे कोणत्या तारखेला खात्यात जमा होतील, हे मात्र त्याला सांगता येत नाही. ग्रामीण विदर्भातील कारखानदारांचे बरेचसे व्यापारी तंटे या तफावतीतून निघतात. कायद्याने आधी मालाची काळजी घेतली, मग शेतकऱ्याची, आणि व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला द्यायच्या पैशाकडे त्याचे लक्ष फार उशिरा गेले.

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आले. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस आटला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांची नजर इथल्या काळ्या जमिनीकडे वळली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली, आणि १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावची शाखा सुरू झाली. त्याआधीचा व्यापार अडत्या, दलाल आणि हुंडी यांच्या आधाराने चाले. सौदा तोंडी होई, तंटा झालाच तर पेठेतले चार जाणते बसून तो मिटवीत, आणि त्यांचा निर्णय न मानणाऱ्याशी पुढे कोणी व्यवहार करीत नसे. घेणारा आणि देणारा एकाच पेठेत राहत असल्यामुळे ही शिक्षा पुरेशी ठरे. रेल्वेने माल दूर नेला, खरेदीदारही दूर गेला, पण उधारी देण्याची रीत मात्र पेठेतलीच राहिली. आज वणीच्या मालकाने दलालाच्या फोनवर कोइम्बतूरच्या गिरणीला दोन ट्रक गाठी पाठवाव्यात आणि सौद्याचा कागद म्हणून त्याच्या हाती मोबाइलवरचा एक संदेश असावा, या प्रकाराचे मूळ इतके जुने आहे.

सरकारला तेव्हा चिंता होती ती कापसातल्या भेसळीची. मुंबई इलाख्यात १८६३ मध्येच कापसातील लबाडी रोखण्याचा कायदा झाला. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ मध्ये नियंत्रित बाजार सुरू झाला, जो देशातला पहिला मानला जातो, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा आला. वजन-मापे, बाजाराची जागा आणि दलालांचे परवाने यांना त्यामुळे शिस्त लागली. पुढे १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसची ठरलेली खूण आणि अनुक्रमांक टाकणे बंधनकारक केले. त्यामागचा हेतू गाठीत पाणी किंवा हलका माल भरणाऱ्याला शोधून काढण्याचा होता, पण पैशाच्या तंट्यातही गाठीच्या क्रमांकासारखा पुरावा नाही. लॉट क्रमांक, प्रेस क्रमांक, वजनकाट्याची पावती आणि ट्रकची बिल्टी (मालवाहतुकीची पावती) एकमेकांशी जुळली, तर ‘माल आलाच नाही’ असे म्हणायला खरेदीदाराला जागा उरत नाही.

‘माल आला, पण खराब आला’ हा बचाव अधिक नेहमीचा आहे. ओलावा जास्त निघाला, मायक्रोनेअर (तंतूच्या बारीकपणाचे माप) कमी भरला, कचरा ठरल्यापेक्षा अधिक होता, असे सांगून गिरणी बिलातून परस्पर रक्कम कापते. १९३० च्या मालविक्री कायद्यात याचे उत्तर आहे. खरेदीदाराला माल तपासण्याची वाजवी संधी मिळाली पाहिजे. पण माल नाकारत असल्याचे न कळवता त्याने तो वाजवी मुदतीपलीकडे ठेवून घेतला, किंवा मालक असल्यासारखा वापरला, तर त्याने तो स्वीकारला असे धरले जाते. रुईचे सूत काढून झाल्यावर तिसऱ्या महिन्यात प्रतीची तक्रार काढणाऱ्या गिरणीला माल नाकारण्याचा हक्क उरत नाही. तिला फार तर नुकसानभरपाई मागता येते, आणि ते नुकसान तिलाच सिद्ध करावे लागते. ही तरतूद नव्वद वर्षांहून जुनी आहे, आणि तरीही आपल्याकडचे कितीतरी मालक ही कपात मुकाट्याने सोसतात, याचे मला फार वाईट वाटते.

वऱ्हाडची कायदेशीर स्थिती मुळातच गुंतागुंतीची होती. प्रदेश निजामाचा, कारभार इंग्रजांचा, आणि १९०३ पासून तो कायमच्या पट्ट्याने मध्य प्रांताला जोडलेला. त्यामुळे १८७२ चा करार कायदा, १९३० चा मालविक्री कायदा आणि १९३२ चा भागीदारी कायदा यांची व्याप्ती ‘वऱ्हाड कायदे अधिनियम, १९४१’ या स्वतंत्र कायद्याने वऱ्हाडापर्यंत वाढवावी लागली. १९३६ मध्ये नागपूरला उच्च न्यायालय स्थापन झाले, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आल्यावर नागपूरला मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ राहिले.

कारखानदारांचा आपसांतला एक जुना तंटा ‘पूल’चा आहे. एका गावात गरजेपेक्षा जास्त जिन उभे राहिले की मालक एकत्र येऊन दर ठरवीत. काही कारखाने मुद्दाम बंद ठेवीत आणि बंद कारखान्याच्या मालकालाही नफ्यातला वाटा देत. कोणी ठरल्यापेक्षा कमी दराने पिंजाई केली किंवा वाटा बुडवला की प्रकरण न्यायालयात जाई, आणि तिथे प्रश्न उभा राही की व्यापारावर बंधन घालणारा करार रद्दबातल ठरवणारे करार कायद्याचे कलम २७ इथे लागते का. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गुजरातमधील जिनिंग कारखान्यांच्या अशाच करारावर मुंबई उच्च न्यायालयाने तो वैध असल्याचा कौल दिला होता. त्या निकालावर विसंबून आज कोणी तालुक्यातील जिनिंगवाल्यांची बैठक घेऊन दर बांधून घेऊ नयेत. स्पर्धा कायदा २००२ चा असला, तरी दर ठरवणाऱ्या संगनमताविरुद्धच्या त्याच्या तरतुदी २० मे २००९ पासून अमलात आल्या आहेत, आणि आजोबांच्या काळी चाललेली गोष्ट आता दंडाला पात्र आहे.

भागीदारीचे तंटे घराघरांतले असतात, म्हणून त्यांच्याविषयी बोलले कमी जाते. ग्रामीण भागातली बहुतेक जुनी जिनिंग भावाभावांच्या किंवा दोन-तीन कुटुंबांच्या भागीदारीत उभी राहिली. भागीदारी कायद्याने फर्मची नोंदणी सक्तीची केली नाही, पण कलम ६९ मुळे नोंदणी नसलेल्या फर्मला करारातून आलेल्या हक्कासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. व्यवहार खरा, बिल खरे, येणेही कबूल. तरीही रजिस्ट्रारकडे नाव नसल्यामुळे दावा दारातच फेटाळला जातो. काही कुटुंबांनी पुढे प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली. तिथे अल्पमतातल्या भावावर अन्याय झाल्यास २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम २४१ आणि २४२ खाली दाद मागता येते. पण ती राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे मागावी लागते आणि विदर्भातील कंपन्यांना त्यासाठी मुंबई गाठावी लागली आहे. घाटंजी किंवा आर्णीच्या भागधारकाला हा प्रवास आणि हा वकील परवडतोच असे नाही, आणि मोठा भाऊ हे जाणून असतो.

कापूस एकाधिकार खरेदीचा काळ वगळून ही पार्श्वभूमी पुरी होत नाही. १९७१ च्या कायद्यानुसार १९७२-७३ च्या हंगामापासून राज्यात कच्चा कापूस विकत घेण्याचा अधिकार सरकारच्या योजनेकडे गेला. खाजगी जिनिंगचा मालक व्यापारी राहिला नाही. तो मजुरीवर रुई काढून गाठी बांधून देणारा झाला. त्याचे तंटेही बदलले: उतारा (कापसातून निघणाऱ्या रुईचे प्रमाण) कमी का आला, घट किती धरायची, आवारात आग लागली तर नुकसान कोणाचे, प्रक्रियेचे बिल किती महिन्यांनी मिळणार. याच काळात चढ्या भावासाठी कापूस मध्य प्रदेश आणि आंध्र प्रदेशाच्या सीमेपलीकडे जात असे. त्या चोरट्या व्यवहारात ज्याचे पैसे बुडाले त्याला न्यायालयाचे दार बंद होते, कारण कायद्याने मना केलेल्या उद्देशाचा करार हा करार कायद्याच्या कलम २३ खाली रद्दबातल ठरतो. नव्या शतकाच्या सुरुवातीला एकाधिकार सैल होऊन खाजगी खरेदी पुन्हा मोकळी झाली. पण तीस वर्षांत एका पिढीची दूरच्या गिरणीची पत जोखण्याची सवय मोडली होती, आणि खुल्या बाजारात उतरलेल्या नव्या मालकांना ती पैसे बुडवून पुन्हा शिकावी लागली, असे मला वाटते.

वसुलीचे पहिले धारदार साधन चेकच्या रूपाने आले. परक्राम्य संलेख कायद्यात, म्हणजे चेक-हुंड्यांच्या कायद्यात, कलम १३८ घालण्यात आले आणि १ एप्रिल १९८९ पासून न वटलेला चेक हा गुन्हा ठरला. बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांची सवलत आणि त्यानंतर एका महिन्यात फिर्याद, ही साखळी आता बाजारातल्या मुनिमालाही पाठ आहे. मात्र १ ऑगस्ट २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, चेक ज्या बँकेवर काढला तिथल्याच न्यायालयात फिर्याद चालेल, असा निकाल दिला आणि परराज्यातल्या गिरण्यांना माल विकणाऱ्यांची मोठी अडचण झाली. २०१५ च्या दुरुस्तीने ती दूर केली. खात्यात भरलेल्या चेकची फिर्याद आता घेणेकऱ्याचे खाते असलेल्या शाखेच्या ठिकाणी चालते.

दिवाणी दाव्यात मात्र जागेचा प्रश्न अजूनही बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेला असतो. ‘सर्व वाद अकोला न्यायालयाच्या अधीन’ अशी ओळ विक्रेत्याच्या बिलावर असते, तर गिरणीच्या खरेदी आदेशावर तिच्या गावाचे नाव असते. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ पासून हे तत्त्व घालून दिले आहे की अनेक न्यायालयांना अधिकार असेल तर त्यांतले एक पक्षकारांना निवडता येते, पण ज्याला मुळात अधिकारच नाही त्याला करारानेही तो देता येत नाही. म्हणून गिरणीचा आदेश सही करून परत पाठवण्यापूर्वी त्याची शेवटची ओळ वाचावी. एका सहीने आपल्याच जिल्ह्यातला हक्क सुटू शकतो.

उशिरा येणाऱ्या पैशावर व्याज देणारा कायदा लघुउद्योगांसाठी १९९३ मध्ये झाला, पण त्याचा फारसा धाक बसला नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायद्याने त्याची जागा घेतली. सूक्ष्म किंवा लघू पुरवठादाराचे पैसे लेखी करार असल्यास ठरलेल्या मुदतीत, पण कोणत्याही स्थितीत ४५ दिवसांच्या आत दिले पाहिजेत. करार नसल्यास १५ दिवसांत. चुकल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. तक्रार या कायद्याखाली थकबाकीचे तंटे सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे करता येते, आणि परिषदेच्या निवाड्याला आव्हान द्यायचे तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकराचाही दट्ट्या लावला: मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चात धरता येत नाही.

साध्या दाव्यासाठी २०१५ चा वाणिज्य न्यायालय कायदा आहे. त्यात बसणाऱ्या दाव्याची किमान मर्यादा आधी एक कोटी रुपयांची होती. २०१८ मध्ये ती तीन लाखांवर आणल्यामुळे सरकीच्या एका ट्रकचा वादही त्यात बसू शकतो. तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर दाव्यापूर्वी मध्यस्थी सक्तीची आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट केले. ती टाळून लावलेला दावा नाकारला जातो आणि तोवर तीन वर्षांची मुदत उलटून जाण्याचा धोका असतो. मुदत संपण्याआधी देणेकऱ्याकडून बाकी कबूल असल्याची सही घेतली, तर त्या तारखेपासून ती नव्याने मोजली जाते.

२००६ च्या कायद्याचा लाभ कोणाला, हा प्रश्न मात्र मिटलेला नाही. माल पाठवल्यानंतर सूक्ष्म किंवा लघू उद्योग म्हणून नोंदणी करणाऱ्याला या तरतुदी मागता येत नाहीत, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०२१ आणि २०२२ मध्ये घेतली. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने नोंदणीचा हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला. शिवाय २०२१ मध्ये घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी, म्हणजे अशा उद्योगांची सरकारी नोंदणी, खुली झाली, ती बँकांच्या प्राधान्य कर्जापुरतीच. विदर्भात एकाच कुटुंबाची बाजार समितीत अडत आणि रस्त्याच्या पलीकडे जिनिंग असणे अगदी सामान्य आहे. वडिलांच्या अडत दुकानाच्या बिलावर गेलेल्या मालाला ४५ दिवसांचे संरक्षण नाही, आणि मुलाच्या उद्यम नोंदणी असलेल्या जिनिंगच्या बिलावर गेलेल्या गाठींना ते आहे.