ड्रेन बोल्टवरचा लोहकीस

गाडीच्या इंजिनातलं तेल बदलताना तेलाच्या चेंबरच्या तळाचा ड्रेन बोल्ट काढला की काळं तेल धार लावून खाली येतं. त्या बोल्टच्या आतल्या टोकाला चुंबक असेल, तर त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप जमलेला दिसतो. तो असतो इंजिनातून झिजून निघालेल्या लोखंडाचा कीस. असा चुंबकी बोल्ट काही शे रुपयांना मिळतो आणि त्याच्या जाहिराती इंजिनाचं आयुष्य वाढवण्याची हमी देतात. ती हमी फार ताणलेली आहे. तरीही हा बोल्ट उपयोगाचा आहे, पण वेगळ्या कारणासाठी.

पिस्टनच्या रिंगा, सिलिंडरची बिडाची भिंत, कॅमशाफ्ट, टायमिंग चेन हे सगळं थोडं थोडं झिजतच असतं. बेअरिंगमध्ये तेलाचा थर सर्वांत पातळ जागी जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) उरतो, म्हणून तिथे बारीक कणही नडतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना करा. नेहमीचा कागदी फिल्टर २० ते ४० मायक्रॉनच्या वरचे बहुतेक कण अडवतो, त्याहून बारीक कणांपैकी बरेच निसटतात. तेल गार आणि घट्ट असताना, किंवा फिल्टर चोंदला की, बायपास झडप उघडते आणि तेल न गाळताच पुढे जातं. कोरडं इंजिन चालवण्यापेक्षा मळकं तेल परवडलं, हा त्यामागचा हिशेब.

निसटलेले हे बारीक कण चुंबक पकडेल का? काही पकडेल, सगळे नाही. चुंबकाची ओढ कणाच्या घनफळावर ठरते. कणाचा व्यास निम्मा झाला की ओढ आठव्या हिश्श्यावर येते, पण तेलाचा विरोध फक्त निम्मा होतो. म्हणजे कण चुंबकाकडे सरकण्याचा वेग चौथाईवर उतरतो. शिवाय अंतर वाढलं की ओढ झपाट्याने घटते, त्यामुळे बोल्टच्या अगदी जवळून संथपणे जाणारे कणच हाती लागतात. पंप तर तेल दुसऱ्याच तोंडाने खेचून घेत असतो.

आणि काही गोष्टी चुंबकाला दिसतच नाहीत. पिस्टन ॲल्युमिनियमचे. बेअरिंगच्या अस्तरात तांबं, शिसं, कथील, ॲल्युमिनियम असे धातू. यांतलं काहीच चिकटत नाही. रस्त्यावरच्या धुळीतली वाळूही नाही, आणि ती तर इंजिनाची मोठी वैरीण. चुंबकावर पैसे घालण्याआधी एअर फिल्टर बदलला आहे का ते पाहा, असं मी आग्रहाने सांगेन.

उष्णतेचाही प्रश्न आहे. अशा बोल्टांत बहुधा निओडिमियम या धातूच्या मिश्रणाचे चुंबक असतात; ते १९८०च्या दशकात जपान आणि अमेरिकेत विकसित झाले. त्यांची ताकद अफाट, पण साध्या प्रतीचा चुंबक ८० अंश सेल्सियसच्या पुढे कमजोर होऊ लागतो. इंजिनातलं तेल तर सहज १०० अंशांवर जातं. म्हणून १५० अंश किंवा त्याहून जास्त तापमान सोसणारी प्रत, नाहीतर समेरियम-कोबाल्टचा चुंबक हवा.

गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या पेटीत) मात्र चुंबकाला खरं काम आहे. तिथे दात दातावर घासतात, सगळं पोलादी असतं आणि मॅन्युअल गिअरबॉक्सला बहुधा फिल्टर नसतो. अनेक कंपन्या तिथे स्वतःच चुंबक देतात. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, क्लच आणि गिअर एकाच तेलात चालतात. १०० सीसीच्या काही गाड्यांत तर कागदी फिल्टरही नसतो, नुसती जाळी आणि सेंट्रीफ्यूगल फिल्टर, म्हणजे तेल गरगर फिरवून कण बाजूला काढणारा. अशा गाडीला मी हा बोल्ट जरूर लावीन.

विमानांत आणि हेलिकॉप्टरांत या चुंबकाचा उपयोग बातमी कळण्यासाठी करतात. चुंबकाजवळच्या विजेच्या दोन टोकांमधल्या फटीत धातूचा कण अडकला की विद्युतमंडल पूर्ण होतं आणि वैमानिकासमोर दिवा लागतो. पण कण सापडला तरी त्याचा अर्थ लावावा लागतो. १ एप्रिल २००९ रोजी उत्तर समुद्रात एक सुपर प्यूमा हेलिकॉप्टर गिअरबॉक्स फुटून कोसळलं आणि १६ जण गेले. आठवडाभर आधी त्याच गिअरबॉक्सच्या चुंबकावर एक कण सापडला होता, पण आतली बिघाडाची खूण हाती लागली नाही. २९ एप्रिल २०१६ रोजी नॉर्वेत त्याच कुळातल्या हेलिकॉप्टरच्या अपघातात १३ जण मेले. या वेळी गिअरमधली भेग आतल्या आत वाढली, कीस असा फारसा सुटलाच नाही, आणि चुंबकाकडून इशारा मिळाला नाही.

गाडीच्या बोल्टवरचा लेपही असाच वाचायचा. चिमटीत घेऊन चोळा. मलमासारखा गुळगुळीत लागला तर नेहमीची झीज. नव्या गाडीच्या पहिल्या सर्व्हिसिंगला तो जास्त असणारच. बोटाला टोचणारे तुकडे, चमकत्या चकत्या किंवा सुईसारख्या काड्या दिसल्या तर गाडी पुढे न चालवता मेकॅनिककडून उघडून घ्या. दर वेळी पुसण्याआधी फोटो काढून ठेवला तर लेप वाढतोय का, हे तुलनेने कळतं.

बोल्ट घेताना व्यास आणि आट्यांची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) जुन्या बोल्टशी जुळवा. चुंबक नुसता चिकटवलेला नसून खाचेत घट्ट दाबून बसवलेला असावा, कारण तो सुटला तर चेंबरमध्येच पडतो. वॉशर नवा टाका आणि बोल्ट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कइतकाच (पिळण्याच्या जोराइतकाच) आवळा. ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जास्त जोर लावला की जातात, आणि मग खर्च बोल्टच्या किमतीच्या कितीतरी पट होतो.