मुरमाचा डाग वेगळा, मुरमाचा खड्डा वेगळा

गणपती उरकून खानापूरची भाची बेळगावात आली. तुळशीच्या लग्नानंतर तिचं लग्न. गालावर हात ठेवून म्हणाली, "मावशी, हे डाग तोवर जातील काय गं?" तिला खिडकीशी बसवलं, आडव्या उजेडात गाल बघितला. निम्मे डाग होते, निम्मे खड्डे. आपण दोन्हीला डागच म्हणतो, शेजारच्या कन्नड घरातही 'कले' म्हणून मोकळे होतात. घोळ तिथूनच सुरू होतो.

डोळे मिटून गालावरनं बोट फिरवायचं. बोटाला काहीच लागलं नाही, तर तो डाग. तो नुसता रंग असतो. गव्हाळ-सावळ्या कातडीला सूज आली की मेलॅनिन, म्हणजे कातडीचा रंग, जास्त तयार होतं. मुरूम बसतो, रंग मागं राहतो. बहुतेक डाग काही महिन्यांत आपोआप फिके पडतात, काहींना वर्षही लागतं. लवकर जावेत म्हणून डॉक्टर अ‍ॅझेलाइक अ‍ॅसिड, अ‍ॅडापलीन अशी लावायची औषधं किंवा हलकं केमिकल पील, म्हणजे अ‍ॅसिडनं वरचा थर उतरवणं, सुचवतात. सनस्क्रीन मात्र रोज, निदान एसपीएफ ३०, आभाळ भरलेलं असलं तरी.

बोट आत उतरलं, तर खड्डा. तिथं सूज खोल जाऊन खालचं कोलॅजनच, म्हणजे कातडीला आतनं भरीव ठेवणारे तंतू, गेलेलं असतं. रस्त्यातला खड्डा मुरूम टाकून बुजवतात, गालावर मुरूमच खड्डा पाडतो! आणि वरनं रंग मारून तो जसा भरत नाही, तसा डागावरच्या क्रीमनंही भरत नाही.

खड्ड्यातही प्रकार आहेत, आणि उपचार त्यावरच ठरतो. सुईनं टोचल्यासारखा अरुंद, खोल खड्डा असेल तर टीसीए क्रॉस: काडीच्या टोकानं नेमक्या त्या खड्ड्यात कडक अ‍ॅसिड सोडतात. लाटेसारखा पसरट, कातडी ताणली की कमी दिसणारा असेल, तर खालचे ओढून धरणारे तंतू सुईनं तोडतात. त्याला सबसिजन म्हणतात. सरळ कडांच्या उथळ खड्ड्यांना मायक्रोनीडलिंग, म्हणजे बारीक बारीक सुया टोचणं, किंवा फ्रॅक्शनल लेझर, म्हणजे ठिपक्याठिपक्यांनी मारलेलं लेझर. बहुतेकांना चार-सहा आठवड्यांच्या अंतरानं तीन-चार बैठका तरी लागतात, आणि नवीन कोलॅजन भरायला पुढं काही महिने. खड्डा उथळ होतो. पूर्ण सपाट करून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये.

गंमत अशी की खड्ड्यावर लेझर जोरात मारलं, तर आपल्या रंगाच्या कातडीवर नवे डाग उठू शकतात. क्रमही लक्षात ठेवायचा: आधी चालू मुरूम थांबवायचे, मग खड्ड्यांना हात घालायचा.

भाचीनं पर्समधनं एक ट्यूब काढली. दुकानातनं चिठ्ठीशिवाय आणलेली, "मैत्रिणीला लागू पडली की." मागची बारीक अक्षरं वाचली तर आत स्टिरॉइड. अशा मलमानं चार दिवस चेहरा उजळतो, पण महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते, लाल पडते, वर पुन्हा पुरळ. ती किती दिवस लावली ते डॉक्टरांना सांगायचं आणि बंद कशी करायची तेही त्यांनाच विचारायचं, असं ठरलं. डागांची औषधं आता, खड्ड्यांचं लग्नानंतर.

"मग फोटोत खड्डे दिसतील की!"

"आडव्या उजेडात दिसतात ते. फोटोग्राफरला सांग, लाईट समोरनं धर म्हणावं."